पंप खोलताय? या चुका टाळा

वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मकरपुरा असो की नंदेसरी, पंपाने दगा दिला की फिटरचा पहिला सवाल ठरलेला: "साहेब, खोली नाखू?" म्हणजे खोलून टाकू? प्रॉडक्शनचे फोन वाजत असतात, त्यामुळे साहेबही मान डोलावतात. मग दुरुस्त केलेला तोच पंप आठ दिवसांत पुन्हा बेंचवर येतो आणि सगळे जोडणीत खोट शोधत बसतात. माझ्या मते ती खोट बऱ्याचदा खोलतानाच झालेली असते.

मुळात खोलायलाच हवा का, हे आधी बघा. डिलिव्हरी कमी पडतेय आणि काल-परवाच मोटरच्या केबलला कोणी हात लावलाय? मग फिरण्याची दिशा तपासा. दोन फेज उलटसुलट लागल्या तरी बरेच पंप पाणी देतात, फक्त कमी देतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. तुंबलेला सक्शन स्ट्रेनर (पाणी ओढण्याच्या बाजूची जाळी) किंवा फ्लॅंजमधून ओढली जाणारी हवा शोधायलाही पंप उघडावा लागत नाही.

खोलायचं ठरलं की नुसती मोटर बंद करून भागत नाही. फ्यूज काढा, पॅनेलला कुलूप आणि टॅग लावा, मग जागेवर जाऊन स्टार्टचं बटण एकदा दाबून बघा. गेजचा काटा शून्यावर आहे याचा अर्थ आत प्रेशर नाही असा होत नाही. गेजची नळीच चोक असू शकते. ड्रेन प्लग काढल्यावर काहीच आलं नाही तर आनंद मानू नका. भोकात गाळ बसलेला असतो, तो मोकळा करून पुन्हा बघा. नट सगळे एकदम काढायचे नाहीत. आपल्यापासून लांबच्या बाजूचे आधी सैल करायचे आणि गास्केट सुटून आतलं काय ते तिकडे गळू द्यायचं.

नंदेसरीकडच्या केमिकलवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचा पंप पूर्ण रिकामा न करता त्यात थोडंसं पाणी सोडणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. पाणी उकळून ॲसिडसकट अंगावर उडतं. शिवाय तीव्र ॲसिडला दाद न देणारं बीड (ओतीव लोखंड) पातळ ॲसिडपुढे टिकत नाही. आधी निचरा, मग भरपूर पाणी, आणि ते साचू द्यायचं नाही.

एंड सक्शन (समोरून पाणी ओढणाऱ्या) पंपांपैकी बऱ्याच पंपांचा फिरणारा भाग मागून खेचून काढता येतो. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये स्पेसर (मधला सुटा तुकडा) असेल तर तो काढा. पाइप आणि मोटर जागेवरच राहतात. तरीही मोटर हलवायची खोड अनेकांना असते आणि त्यात पायाखालचे शिम (उंची जुळवणाऱ्या पातळ पट्ट्या) हरवतात. हलवावीच लागली तर प्रत्येक पायाचे शिम वेगळे बांधून त्यावर पायाचा नंबर लिहा. मागचा भाग केसिंगमधून (पंपाच्या बाहेरच्या कवचातून) सुटत नसेल तर छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घुसवू नका, गास्केटच्या जागेवर ओरखडा पडला की ती गळती कायमची. फ्लॅंजवर ढकलबोल्टची आट्यांची भोकं त्यासाठीच दिलेली असतात. दोन्हीकडून पाव-पाव फेरा देत जा. शेवटचे बोल्ट सुटण्याआधी बेअरिंग ब्रॅकेट (शाफ्ट आणि बेअरिंग धरणारा भाग) चेन ब्लॉकने नीट तोललेलं हवं, नाहीतर सगळं वजन इम्पेलरवर (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकावर) आणि सीलवर (शाफ्टजवळची गळती रोखणाऱ्या भागावर) येतं.

आता ती गास्केट. फाडून फेकण्याआधी मायक्रोमीटर लावा. ०.५ मिलिमीटरची काढून शेल्फवर सापडली म्हणून १.५ ची घातली, की रोटर तेवढा मागे सरकतो. इम्पेलर सेमी-ओपन (पाती एका बाजूने उघडी) असेल तर समोरची फट वाढते, हेड (पाणी चढवण्याची ताकद) पडतं आणि लोक मोटरला दोष देतात.

इम्पेलरच्या आट्या सहसा अशा असतात की चालताना आवळत जातात. कोणत्या बाजूला सुटतील हे मॅन्युअलमध्ये बघा. पान्याला पाइप घालून जोर काढण्याआधी तेवढं करा. तरीही हलला नाही तर गॅस कटर आणू नका. हबमध्ये किंवा नटाखाली अडकलेल्या द्रवाची वाफ होऊन तुकडे उडू शकतात. कार्ट्रिज सील (आधीच जोडून येणारं सील) असेल तर स्लीव्हचे स्क्रू सैल करण्याआधी सीलचं माप पक्कं धरणारी सेटिंग क्लिप जागेवर बसवा. सीलच्या फेसला बोट लावू नका.

सगळ्यात जास्त राग येतो तो धुण्याच्या घाईचा. सुटे भाग काढले की लगेच डिझेलच्या ट्रेमध्ये! पंप का मेला याचा पुरावा तिथेच वाहून जातो. आधी फोटो काढा आणि वेअर रिंग (इम्पेलर आणि केसिंगमधल्या, झीज सोसणाऱ्या रिंगा) निरखून बघा. फिरणारी रिंग एकाच जागी घासली असेल आणि स्थिर रिंग सगळीकडून, तर शाफ्ट वाकडा असण्याची शक्यता मोठी. उलट, स्थिर रिंग एकाच बाजूला आणि फिरणारी पूर्ण गोल घासली असेल, तर शाफ्ट एका बाजूला दाबला जातोय. बऱ्याचदा पाइपच पंपाला ओढत असतो. तेव्हा नवं बेअरिंग घालून काही होत नाही. कपलिंगवर डायल गेज लावून सक्शन फ्लॅंज सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाइपचा आधार सुधारा. पात्यांच्या तोंडाशी वाळवी लागल्यासारखे खड्डे दिसले तर कॅव्हिटेशन (पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं), म्हणजे चौकशी सक्शनकडे. रिंगची फट मूळ मापाच्या दुप्पट झाली असेल तर रिंग बदलाच.

बेअरिंगचं तेलही काचेच्या बाटलीत काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा बुडालेल्या पंपांचं तेल न बघताच स्विच टाकणारे कमी नव्हते. बेअरिंग काढताना पुलर आतल्या रिंगला लावा. बाहेरच्या रिंगला धरून ओढलेलं बेअरिंग पुन्हा बसवू नका, फिरवल्यावर आवाज आला नाही तरी.

जोडून झाल्यावर शाफ्ट हाताने फिरवा, कुठे अडतोय का बघा. मोटरची दिशा मात्र कपलिंग जोडण्याआधीच तपासायची. आट्यांवर बसणारा इम्पेलर उलट्या दिशेला एकदा फिरला तरी सुटून केसिंगवर आपटतो, आणि मग पंप पुन्हा खोलावा लागतो.