टॉमकॅटवर एकाच क्लासचे दोन जार भांडायला लागले तर काय करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं स्टॉकचं जावा ॲप्लिकेशन माझ्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालायचं, खरं त्यांच्या टॉमकॅटवर (जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर) टाकलं की मालाचं चलन काढताना नोसचमेथडएरर, म्हणजे कोडला पाहिजे ती मेथड क्लासमध्ये सापडत नाही. गाडीत माल भरून ड्रायव्हर गेटवर थांबलाय आणि मी दोन तास कोड तपासत बसलोय, कोडमध्ये काहीच नव्हतं. असला एरर आला की कोड बाजूला ठेवा, आधी जार बघा, म्हणजे ज्यात लायब्ररीचे क्लास बांधलेले असतात त्या फाइली.

पहिल्यांदा एररचं नाव नीट वाचा. क्लासनॉटफाउंड म्हणजे जार नाहीच किंवा भलत्या जागी पडलाय. नोक्लासडेफफाउंड म्हणजे कंपाइल करताना होता, चालवताना गायब, नाहीतर त्या क्लासचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरताना चालणारा कोड) आधीच एकदा फुटलाय, म्हणून लॉगमध्ये वर जाऊन पहिला एरर शोधा. नाव जावाएक्स सर्व्हलेटचं असलं आणि टॉमकॅट १० असला तर जास्त शोधू नका, १० पासून ती पॅकेजेस जकार्ता झालीत, एकतर कोड बदला नाहीतर टॉमकॅट ९ वर राहा. नोसचमेथड आला तर क्लास सापडलाय, खरं दुसऱ्याच व्हर्जनचा.

मग तो क्लास नेमका कुठल्या जारमधनं आला ते जावा चालवणाऱ्या जेव्हीएमलाच विचारा. जावा ८ असेल तर कॅटलिना ऑप्ट्समध्ये (टॉमकॅट सुरू होताना जेव्हीएमला द्यायचे ऑप्शन) मायनस वर्बोज कोलन क्लास घाला, ९ पासून पुढं मायनस एक्सलॉग कोलन क्लास प्लस लोड. रीस्टार्ट करून लॉगमध्ये क्लासचं नाव शोधलं की शेजारी सोर्स म्हणून जारचा पूर्ण पाथ दिसतो. मी तो बघितला तर जॅक्सनचा (जेसन वाचणारी लायब्ररी) जुना जार! कुणीतरी मागं पेन ड्राइव्हवरनं ॲपच्या वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरमध्ये टाकलेला, आणि आमचा नवा तिथंच शेजारी. एकाच लिबमध्ये दोन असले तर आधी कुठला उचलला जाईल याची गॅरंटी टॉमकॅट ८ पासून नाही, म्हणून एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर अडतं.

जार कुणी हातानं टाकलेला नसेल तर तो मेव्हनमधनं (लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणारं टूल) आलाय. डिपेंडन्सी ट्री काढा, वर्बोज लावून. मेव्हन सगळ्यात नवं व्हर्जन घेत नाही, झाडात आपल्या प्रोजेक्टच्या सगळ्यात जवळचं घेतो, दोन्ही सारख्या अंतरावर असले तर पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगची फाइल) आधी लिहिलेल्याचं. हे माहीत नसल्यानं लई जण फसतात. पाहिजे ते व्हर्जन डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये ठरवून टाका, नको ते एक्सक्लूड करा.

आता क्लासकास्ट, हा जरा वेगळा. मेसेजमध्ये दोन्हीकडं एकच नाव, अमक्याला अमक्यात कास्ट करता येत नाही, आणि माणूस चक्रावून जातो. खानापूरकडच्या कुठल्याही गावात जाऊन पाटलांचं घर विचारा, कुठले पाटील म्हणून उलट विचारतील, वरच्या गल्लीतले की देवळाजवळचे. जेव्हीएमचं पण तसंच, क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक त्याला लोड करणारा लोडर. टॉमकॅटच्या लिबमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर आहे, कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली डेटाबेसची कनेक्शन) तिथनं चालतोय, आणि तोच जार वॉरमध्ये (आपल्या ॲपची बांधलेली फाइल) पण आहे, तर पूलमधनं आलेलं कनेक्शन वरच्या गल्लीतलं आणि तुमचा कोड देवळाजवळचं मागतोय. कारण वेब ॲपचा लोडर जावाचे स्वतःचे आणि सर्व्हलेटचे क्लास सोडले तर आधी स्वतःच्या घरात बघतो, मग वर. जार एकाच ठिकाणी ठेवा, पूल टॉमकॅटचा असेल तर ड्रायव्हर टॉमकॅटच्या लिबमध्ये आणि पॉममध्ये स्कोप प्रोव्हायडेड, म्हणजे तो वॉरमध्ये जात नाही. लोडरचं डेलिगेट ट्रू करून क्रम उलटा पण करता येतो, खरं त्यानं दुसरीच लायब्ररी अडू शकते, मी सहसा हात लावत नाही.

शेवटी डिप्लॉय साफ करा. टॉमकॅट बंद करा, वेबॲप्समधलं उघडलेलं जुनं फोल्डर काढा, वर्कमधलं त्याच ॲपचं फोल्डर काढा आणि मगच नवं वॉर टाका, जुन्यावर नवं कॉपी करत बसलात तर जुने जार तिथंच राहतात. चालू केल्यावर क्लास लोडचा लॉग परत बघा, त्या क्लाससमोर तुम्हाला पाहिजे त्याच जारचा पाथ आला पाहिजे. आला की तो ऑप्शन काढून टाका, नाहीतर लॉगनं डिस्क भरते.