जुन्या कॅबिनेटमध्ये नवा पीसी बसवताय? मग या चुका टाळा

२००० सालच्या आसपासचं पिवळट पडलेलं कॅबिनेट माळ्यावरून काढायचं, आत नवा कोरा मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बसवायचं आणि बघणाऱ्याला वाटावं की यात अजून विंडोज ९८ चालत असेल, हा प्रकार भारीच आहे. बोर्ड बसतोही आरामात, कारण एटीएक्स हे बोर्डाच्या मापाचं स्टँडर्ड १९९५ मध्ये आलं आणि स्क्रूच्या जागा अजून त्याच आहेत. घोळ पुढे होतो. तेव्हाचा १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जेमतेम ३० वॉटच्या आतबाहेर खेळायचा, आजचा साधा आय५ १२४०० प्रोसेसर टर्बोमध्ये (पूर्ण जोरात) ११७ वॉटपर्यंत जातो, वर आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचे १७० वेगळे. आणि एवढी उष्णता असताना हवा यायला समोर खाली एक फट, बस.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गरम होतंय म्हटलं की मागे अजून एक फॅन लावायचा. अरे पण आत हवा येतेय कुठून? समोरचं प्लास्टिक बंद, त्यामागच्या पत्र्याला बारीक बारीक भोकं, त्यामुळे मागचे फॅन कितीही जोरात फिरवा, ते बिचारे मागच्याच उघड्या स्लॉटमधून, कार्डाने नुकतीच बाहेर टाकलेली गरम हवा परत आत ओढतात. म्हणून आधी इनटेक, म्हणजे हवा आत येण्याची वाट, बघा. सीडी ड्राइव्हचे तीन बे (कप्पे) ओळीने रिकामे असतील तर लॉटरी लागली समजा, तिघांची मिळून उंची साधारण १२४ मिमी होते, म्हणजे १२० मिमीचा फॅन बरोबर बसतो, पुढे जाळी लावा आणि मोकळे व्हा. ८० मिमीच्या फॅनपेक्षा त्याचं तोंड सव्वादोन पट मोठं, शिवाय हळू फिरवला तरी चालतं म्हणून आवाज कमी. फक्त फॅन उलटा लावू नका, ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

नक्की चुकतंय कुठे हे कळायला एक सोपी टेस्ट आहे. गेम चालू ठेवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा, मग साइड पॅनल काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. दहा-बारा डिग्री खाली आलं तर कॅबिनेट गुदमरतंय. काहीच फरक नाही पडला तर कॅबिनेटला उगाच शिव्या देऊ नका, प्रोसेसरवरचा कूलर नीट दाबून बसलेला नाही, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट गेलीय किंवा कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय (हसू नका, होतं असं). पॅनल कायमचं उघडं ठेवणं हा मात्र उपाय नाही, आपल्याकडची धूळ बघता महिनाभरात हीटसिंकवर (कूलरच्या धातूच्या पात्यांवर) गोधडी तयार होते.

एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) घोळ वेगळाच. जुन्या कॅबिनेटमध्ये तो वर, प्रोसेसरच्या डोक्यावर. नव्याचा मोठा फॅन खालच्या बाजूला येतो आणि प्रोसेसरची गरम हवा ओढतो, म्हणून काहीजण तो उलटा करून बसवतात, की मग फॅन थेट वरच्या पत्र्याला चिकटतो आणि श्वासच बंद! वर भोकं पाडणार नसाल तर सरळच राहू द्या. आणि कॅबिनेटसोबत आलेला जुना एसएमपीएस तर अजिबात वापरू नका, त्याची बरीचशी ताकद ५ आणि ३.३ व्होल्टवर असायची, आजच्या मशीनला जवळपास सगळं १२ व्होल्टवर लागतं.

टॉवर कूलर (प्रोसेसरवरचा उभा, उंच कूलर) ऑनलाइन मागवण्याआधी प्रोसेसरपासून साइड पॅनलपर्यंत पट्टीने मोजा, चांगले टॉवर १५५-१६० मिमीचे असतात आणि अरुंद कॅबिनेटमध्ये झाकणच लागत नाही. तिथे खाली हवा मारणारा बुटका कूलर बरा. पेंटियम ४ च्या काळातल्या काही कॅबिनेटना साइड पॅनलवर प्लास्टिकचं नळकांडं असतं, ते लोक काढून फेकतात, फेकू नका हो! ते प्रोसेसरला बाहेरची थंड हवा द्यायलाच दिलेलं असतं आणि बुटक्या कूलरवर बरोबर आलं तर फुकटात फायदा.

पत्रा कापायचा असेल तर आधी सगळं सामान बाहेर काढा, लोखंडाचा एक कण बोर्डवर राहिला तरी शॉर्ट. १२० च्या फॅनची स्क्रूची भोकं १०५ मिमी अंतरावर येतात, ८० च्या फॅनची ७१.५ वर, तेव्हा आखणी करून मगच ड्रिल.

कापाकापी नको असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॉट खायचे ती मर्यादा, बघा, बरेच बोर्ड ती परस्पर मोकळी सोडतात. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय, चालू करा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणली तरी गेममध्ये फरक फार जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच घटते. माझ्या मते पहिला फॅन विकत घेण्याआधी हे करावं, पैसे लागत नाहीत.

आणि एवढं करून ते कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात सरकवणार असाल तर राहू द्या. कप्प्याची मागची फळी तरी काढा.

शेवटचं, टेस्टिंग थंडीत करून खूश होऊ नका. खोली जेवढ्या डिग्रीने तापते साधारण तेवढंच आतलं तापमान वर सरकतं, म्हणजे जानेवारीत २४ डिग्रीच्या खोलीत प्रोसेसर ८२ दाखवत असेल तर नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, खोली ३८ ला असताना, तो ९६ कडे जाणार आणि रायझन त्याच्या आधीच स्पीड कमी करायला लागलेला असेल.