खानदेशातून सुरत कशी पाहावी

खानदेशातली माणसे सुरतेला जातात ती बहुधा लग्नाच्या बस्त्यासाठी. रिंग रोडच्या कापडबाजारात दिवस घालवायचा आणि गाठोडी सांभाळत रात्रीच्या गाडीने परतायचे, एवढीच त्यांची सुरत. हे शहर नीट समजून घ्यायचे असेल, तर त्याच्याकडे तापीच्या बाजूने पाहावे, कारण बुऱ्हाणपूरचे कापड खानदेशातूनच या बंदराकडे जात असे.

जळगाव किंवा अमळनेरहून दिवसाची गाडी धरावी. निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत असलेले नवापूर स्थानक झोपेत घालवू नये. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच गावावरून गेला आणि इथल्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असे लिहून गेला.

सुरतेत आधी चौक बाजारातला नदीकाठचा किल्ला गाठावा. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज शहरावर चालून आले, तेव्हा सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. मात्र इथे जहाजांचा धक्का शोधू नये. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने मोठी जहाजे सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगरत आणि तिथून माल शहरात आणला जाई. पुढे १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले. जवळच १६४४ ची मुघलसराई आहे. हज यात्रेकरूंसाठी बांधलेल्या या वास्तूत आता महापालिकेचा कारभार चालतो.

दुपारनंतर महिधरपुऱ्यात जावे. तिथे दलाल रस्त्यातच उभे राहून कागदाची घडी उलगडतात, आतले बारीक हिरे चिमट्याने उचलून भिंगाखाली धरतात आणि सौदा हलक्या आवाजात होतो. फोटो काढण्याचा मोह आवरावा, ते बरे दिसत नाही.

कापडबाजार सकाळीच उरकावा. भाव करताना अहिराणीत बोलून पाहावे, समोरचा माणूस धुळ्या-नंदुरबारकडचा निघण्याचा संभव बराच असतो. उधना-लिंबायतकडे तर यंत्रमागांच्या खडखडाटातही अहिराणी कानावर येते, आणि माझ्या मते खरी सुरत तिथेच भेटते.

वेळ उरल्यास नदीकाठच्या एखाद्या जुन्या रहिवाशाला २००६ च्या ऑगस्टमधल्या पुराविषयी विचारावे. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आपण चहा पिता पिता वाचतो, पण तेच पाणी पुढे उकाई धरणात जाते आणि सुरतेतली माणसे पावसाळाभर उकाईची पातळी विचारत राहतात.