बारकोड स्कॅनर बसवताना या चुका टाळा: बीप वाजतो, पण पडद्यावर काहीच येत नाही

स्कॅनरने बीप दिला म्हणजे काम झालं, हा सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. बीपचा अर्थ एवढाच, की स्कॅनरला कोड वाचता आला. वाचलेले आकडे संगणकापर्यंत पोचले का आणि पोचल्यावर सॉफ्टवेअरने ते योग्य रकान्यात घेतले का, याची बीपला खबर नसते. म्हणून बिघाड शोधताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे: वाचलं का, पोचलं का, घेतलं का.

हे वेगळं करायला नोटपॅड पुरेसा आहे. कीबोर्डची भाषा इंग्रजी ठेवा, नोटपॅडमध्ये क्लिक करून कर्सर लुकलुकतोय ना ते पाहा आणि कारखान्यात छापलेल्या एखाद्या वेष्टनावरचा कोड स्कॅन करा. स्वतः छापलेलं लेबल या चाचणीसाठी घेऊ नका, नाहीतर दोष स्कॅनरचा की लेबलचा हे कळणार नाही. बीपच नाही, तर वाचण्यात अडचण. बीप आहे पण नोटपॅड कोरा, तर पाठवण्यात. नोटपॅडमध्ये आकडे अचूक येतात आणि बिलिंगमध्ये गडबड होते, तर स्कॅनरला हात लावू नका, सॉफ्टवेअरकडे बघा.

चूक: माहितीपुस्तिकेतले कोड दिसतील तसे स्कॅन करणं

स्कॅनरची सेटिंग बदलायला त्याच्या पुस्तिकेत खास कोड छापलेले असतात. एका पानावर असे सहा-आठ कोड शेजारी शेजारी असतात आणि स्कॅनरचा झोत रुंद असतो. हवा तो कोड सोडून शेजारचा वाचला जातो, बीप मात्र तसाच वाजतो. बाकीचे कोड कागदाने झाका आणि एका वेळी एकच उघडा ठेवा. पुस्तिका पीडीएफ असेल तर पान १०० टक्के आकारात छापा. नुसत्या लेझर स्कॅनरला संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचे कोड सहसा वाचता येत नाहीत, कारण तो कागदावरून परतणाऱ्या प्रकाशावर चालतो. कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा इमेजर असेल तर पडद्यावरून जमतं.

काही मॉडेलांत ‘सेटिंग सुरू’, मग हवा तो पर्याय, मग ‘जतन करून बाहेर’ असे तीन टप्पे असतात. शेवटचा विसरला तर बदल तात्पुरता राहतो आणि वीज गेली की पुसला जातो. दुसऱ्या कंपनीची, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची पुस्तिका चालवून पाहणं तर टाळाच. कोड ओळखला गेला नाही तर नशीब, ओळखला गेला तर भलतंच काहीतरी बदलतं.

आणि फॅक्टरी रीसेट हा पहिला उपाय नाही. त्याने जोडणीचा प्रकार, कीबोर्डची भाषा, शेवटी जाणारा एंटर, वायरलेस जोडी असं सगळंच मूळ स्थितीत जातं. आधी कोणी काय बदललं होतं याची नोंद नसेल तर एका बिघाडाचे चार होतात.

चूक: जोडणीचा प्रकार न तपासणं

यूएसबी स्कॅनर बहुधा संगणकाला कीबोर्ड म्हणून ओळख देतो. ड्रायव्हर लागत नाही, कर्सर असेल तिथे आकडे टाइप होतात. पण तोच स्कॅनर व्हर्च्युअल कॉम पोर्ट (यूएसबीतून चालणारा आभासी सीरियल मार्ग) किंवा पीओएस म्हणजे दुकानातल्या बिलिंग यंत्रणेसाठीच्या वेगळ्या यूएसबी प्रकारातही चालतो आणि या दोन्हींत तो काहीच टाइप करत नाही, सॉफ्टवेअरने स्वतःहून ऐकावं लागतं. बीप आहे, नोटपॅड कोरा आहे, तर पहिला संशय इथेच. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा: स्कॅनर ‘कीबोर्ड’खाली दिसतो की ‘पोर्ट्स’खाली? पोर्ट्सखाली असेल तर पुस्तिकेतला यूएसबी कीबोर्डचा कोड स्कॅन करा, केबल काढून पुन्हा लावा आणि विंडोजला नव्याने ओळखायला काही सेकंद द्या.

जुना सीरियल स्कॅनर असेल तर दोन्ही बाजूंचा वेग सारखा लागतो. ९६०० बॉड (वेगाचं माप), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही नेहमीची जुळणी. एका बाजूला ९६०० आणि दुसरीकडे वेगळाच आकडा असेल तर कचरा अक्षरं येतात. सीरियल केबलमधून बहुतेक स्कॅनरांना पुरेशी वीज मिळत नाही, वेगळा अडॅप्टर जोडावा लागतो.

विजेचं दुखणं यूएसबीतही आहे. दिवा पेटताना इमेजर जास्त करंट ओढतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर प्रिंटर, माउस आणि स्कॅनर एकत्र बसवले की ट्रिगर दाबताच स्कॅनर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू होतानाची धून मधेच वाजत असेल तर तेच समजा. केबल थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावून बघा.

चूक: कीबोर्डची भाषा आणि कॅप्स लॉक विसरणं

स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. ‘ही कळ दाबली’ एवढंच संगणकाला कळतं, त्या कळीचा अर्थ विंडोज लावतं. त्यामुळे टास्कबारवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर कोडमधल्या मोठ्या ‘के’च्या जागी ‘ख’ आणि मोठ्या ‘एच’च्या जागी ‘फ’ उमटतो. मराठीत ग्राहकाचं नाव टाइप केलं आणि भाषा न बदलताच स्कॅन केलं की हमखास हेच होतं. स्कॅनर बिघडलेला नसतो. बिलाच्या पडद्यावर भाषा बदलण्याची शिस्त जमत नसेल, तर बऱ्याच स्कॅनरांत ऑल्ट आणि नंबरपॅडचे आकडे वापरून अक्षर पाठवण्याची सेटिंग असते. ती विंडोजवर भाषेच्या फरकावर मात करते, पण स्कॅन थोडं मंदावतं.

कॅप्स लॉक चालू असेल तर मोठी अक्षरं लहान आणि लहान ती मोठी येतात. नुसते आकडे असलेल्या कोडमध्ये हे कळतच नाही. अनुक्रमांकात अक्षरं आली की ‘माल सापडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. कॅप्स लॉककडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग पुस्तिकेत शोधा.

चूक: शेवटचा एंटर गृहीत धरणं

आकडे रकान्यात येतात पण पुढे काहीच होत नाही, हाताने एंटर दाबावा लागतो: स्कॅनरची शेवटची खूण, म्हणजे सफिक्स, लावलेली नाही. एक्सेलमध्ये खाली जायचं असेल तर एंटर, उजवीकडच्या रकान्यात जायचं असेल तर टॅब.

याचं उलट टोकही आहे. काही स्कॅनर एंटरसोबत ‘लाइन फीड’ नावाचा दुसरा संकेतही पाठवतात. मग एक ओळ रिकामी सुटते, किंवा पहिल्या एंटरने उघडलेली खिडकी दुसऱ्याने लगेच बंद होते. स्कॅनर नियंत्रण संकेत कंट्रोल कळीसोबत पाठवत असेल तर लाइन फीड म्हणजे कंट्रोल आणि जे, आणि क्रोममध्ये त्याने डाउनलोडचं पान उघडतं. प्रत्येक स्कॅनला डाउनलोडचं पान उघडतंय म्हणून व्हायरस शोधत बसू नका, सफिक्स फक्त एंटर ठेवा.

चूक: हरवलेल्या आकड्याचं खापर स्कॅनरवर फोडणं

वेष्टनावर १३ आकडे आहेत आणि पडद्यावर १२ आले. कोणता आकडा गेला ते आधी बघा.

शेवटचा गेला असेल तर तपासणी अंक (बाकीच्या आकड्यांवरून काढलेला, वाचन बरोबर आहे का ते पडताळणारा) पाठवणं बंद आहे, ते चालू करा. पहिला गेला असेल आणि तो शून्य असेल तर स्कॅनरने कोड यूपीसी-ए समजून १२ आकड्यांत पाठवला. यूपीसी-ए हा १२ आकडी कोड, ईएएन-१३ हा वेष्टनांवरचा नेहमीचा १३ आकडी. यूपीसी-ए म्हणजे पुढे शून्य लावलेला ईएएन-१३च, पट्ट्या तंतोतंत त्याच. ‘यूपीसी-ए ते ईएएन-१३’ हे रूपांतर चालू केलं की १३ येतात. मात्र मालाच्या यादीत आधीच १२ आकडी नोंदी भरल्या असतील तर रूपांतर चालू करताच त्या जुळणं थांबतं, तेव्हा निर्णय एकदाच आणि सगळ्या स्कॅनरांवर सारखाच करा. पुस्तकांच्या ९७८ने सुरू होणाऱ्या कोडमधून १० आकडी जुना आयएसबीएन येत असेल, तर त्याचीही वेगळी सेटिंग असते.

नोटपॅडमध्ये शून्य दिसतं आणि एक्सेलमध्ये नाही, तर गुन्हेगार एक्सेल. तो आकड्यांना संख्या समजतो, पुढची शून्यं टाकून देतो आणि १५ आकड्यांनंतरचं सगळं शून्य करतो. पेटाऱ्यांवरच्या १८ आकडी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे असे कायमचे जातात, नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. स्कॅन करण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा.

रिमोट डेस्कटॉपवर किंवा ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये मधलेच आकडे गळत असतील, तेही दर वेळी वेगवेगळे, तर स्कॅनर फार वेगाने टाइप करतोय. दोन अक्षरांमधला विराम ५ मिलिसेकंदांपासून वाढवत न्या.

चूक: सगळे कोड प्रकार चालू ठेवणं

‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून सगळे प्रकार चालू ठेवले की चुकीचं वाचन वाढतं. सर्वांत दगाबाज ‘इंटरलीव्हड २ ऑफ ५’, जो खोक्यांवर असतो. त्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणा इतक्या साध्या आहेत, की झोत तिरका जाऊन कोडच्या मधूनच बाहेर पडला तरी स्कॅनर अर्धाच कोड पूर्ण समजून घेतो. १४ आकड्यांचा कोड कधी ८, कधी ६ आकड्यांचा येतो, आणि बीप नेहमीसारखाच! इलाज: लांबी ठरावीक १४ ठेवा. हा प्रकार वापरात नसेल तर बंदच करा.

कोड ३९ या अक्षरं-आकडे घेणाऱ्या कोडची गंमत वेगळी. लहान अक्षरं त्यात थेट बसत नाहीत. लहान ‘ए’ हा अधिक चिन्ह आणि मोठा ‘ए’ असा लिहिला जातो. पडद्यावर मधेमधे अधिक चिन्हं दिसत असतील तर स्कॅनरमध्ये ‘फुल आस्की’ (अशा जोड्यांचं पुन्हा एकच अक्षर करणारी सेटिंग) चालू करा. आणि ईएएनच्या शेजारच्या २ किंवा ५ आकडी पुरवणीची सेटिंग ‘आवश्यक’वर गेली असेल, तर नियतकालिकं वाचली जातात आणि बाकीचा सगळा माल नाही.

चूक: जीएस१ कोडमधला न दिसणारा विभाजक गमावणं

जीएस१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे औषधं आणि नाशवंत मालावर छापलेल्या लांब कोडमध्ये एकामागून एक माहिती असते: ०१ नंतर १४ आकडी वस्तू क्रमांक, १७ नंतर ६ आकडी मुदत, १० नंतर बॅच. बॅचची लांबी ठरलेली नाही, २० अक्षरांपर्यंत कितीही. ती कुठे संपली हे सांगायला पुढे आस्की २९ (संगणकाच्या अक्षरतक्त्यातला २९ क्रमांकाचा, न दिसणारा संकेत) हा विभाजक असतो. कीबोर्डवर त्याची कळच नाही, म्हणून कीबोर्ड प्रकारात तो बऱ्याचदा गळतो आणि बॅचला पुढचा अनुक्रमांक चिकटतो. विभाजकाच्या जागी एखादं दिसणारं चिन्ह, समजा उभी रेघ, पाठवण्याची सेटिंग लावा आणि सॉफ्टवेअरलाही तेच चिन्ह सांगा. सॉफ्टवेअर कॉम पोर्ट ऐकू शकत असेल तर तो मार्ग अधिक खात्रीचा, कारण तिथे विभाजक जसाच्या तसा जातो.

चूक: लेबलचा दोष स्कॅनरमध्ये शोधणं

कारखान्याचा कोड पटकन वाचला जातो आणि तुमचं लेबल अडतं, तर सेटिंग बदलत बसू नका. ईएएन-१३ला डावीकडे सर्वांत बारीक पट्टीच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट कोरी जागा लागते. पट्टी ०.३३ मिलिमीटर असेल तर साधारण ३.६ आणि २.३ मिलिमीटर. भोवती चौकट काढली किंवा किंमत अगदी चिकटून छापली की ही जागा जाते. कोड १२८ला दोन्ही बाजूंना १० पट, क्यूआरला चारही बाजूंना ४ चौकोन.

त्याहून जास्त त्रास चित्र ओढून लहान-मोठं करण्याने होतो. २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो. ०.३३ची पट्टी त्यात पूर्ण ठिपक्यांत बसत नाही, मग काही पट्ट्या २ ठिपक्यांच्या होतात, काही ३. दिसायला कोड सुबक, पण मापं बिघडलेली. लेबल सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची रुंदी ठिपक्यांत द्या: ३ ठिपके, म्हणजे ०.३७५ मिलिमीटर. कोऱ्या जागेसह असा ईएएन-१३ सुमारे ४२ मिलिमीटर रुंद होतो. तेवढी जागा नसेल तर ३०० डीपीआय प्रिंटरवर ४ ठिपके घ्या. प्रिंटरची उष्णता फार वाढवली तर पट्ट्या फुगून मधली जागा बुजते.

लाल किंवा नारिंगी पट्ट्या कधीच नकोत. लेझर स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि त्या प्रकाशात लाल पट्टी पांढरीच दिसते. चकचकीत लेबलावर स्कॅनर अगदी सरळ धरला तर प्रकाश आरशासारखा परत येतो, १०-१५ अंश तिरका धरा.

चूक: वायरलेस स्कॅनरची साठवण न तपासणं

काही वायरलेस स्कॅनरांत बॅच किंवा साठवण मोड असतो: कोड आत साठतात, पाठवण्याचा वेगळा कोड स्कॅन करेपर्यंत संगणकाला काहीच मिळत नाही. बीप येतो, पडदा कोरा, आणि मग कोणीतरी साठवलेले दोनशे कोड एकदम बिलात ओततं. आधी रिकामा नोटपॅड उघडा, साठा तिथे उतरवा, मग मोड बदला. मोबाइलला ब्लूटूथ कीबोर्ड म्हणून जोडल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, तो बिघाड नाही. फोनच्या फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो दाखवण्याचा पर्याय चालू करा.

स्टँडवर आपोआप वाचणाऱ्या स्कॅनरखाली वस्तू क्षणभर रेंगाळली तर ती दोनदा लागते. तोच कोड पुन्हा घेण्याआधीचा विराम १ सेकंदाच्या आसपास ठेवून बघा, एकसारख्या वस्तू भराभर लावणाऱ्याला मात्र तेवढाही जाच वाटेल.

सगळं जुळलं की वापरलेले सेटिंग कोड त्याच क्रमाने एका पानावर छापून, मॉडेलचं नाव लिहून, स्कॅनरच्या खोक्यात ठेवा. मॉडेलमध्ये सोय असेल तर शेवटी सेटिंग कोड वाचणंच बंद करा, आणि ते पुन्हा चालू करणारा कोड त्याच पानावर वर छापा.