जुन्या इंग्रजी पुस्तकातला चिनी माणूस वाचताना या चुका टाळा

लांब नखं, डोक्यात कायम कटकारस्थान... इंग्रजी कादंबऱ्यांतला चिनी खलनायक फू मांचू वाचला की आपण "गोरे रेसिस्टच होते" म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. फू मांचू आला १९१२-१३ च्या सुमारास, पण १७५५ ला फ्रेंच लेखक व्हॉल्तेरच्या नाटकात साक्षात चंगेज खान चिनी जोडप्याच्या सचोटीपुढे नमतो! तेव्हा चीन म्हणजे शहाण्यांचा देश, कारण व्हॉल्तेरला फ्रान्समधल्या चर्चला हाणायला काहीतरी हवंच होतं. म्हणून आधी साल बघा, मग लेखकाचं स्वतःच्या देशात कोणाशी वाजलंय ते बघा.

सगळ्यात जास्त फसगत होते उपहास सरळ वाचल्यामुळे. अमेरिकन लेखक ब्रेट हार्टची १८७० ची कविता घ्या. पत्त्यांचा डाव, चिनी आह सिन निरागस हसतोय, समोर बिल नाय नावाचा गोरा, या नायच्या बाहीत एक्के कोंबलेले, म्हणजे चीटिंग दोघंही करतायत, पण आह सिन जिंकायला लागल्यावर नाय ओरडतो की स्वस्त चिनी मजुरांनी आमची वाट लावली आणि त्याच्यावर तुटून पडतो. टोमणा नायला होता हो! लोकांनी लक्षात ठेवला फक्त लबाड चिनी, आणि चिनी मजुरांच्या विरोधकांनी हीच कविता मिरवली. १८८२ ला अमेरिकेने चिनी मजुरांना बंदीच केली.

पात्र गोड आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कादंबऱ्यांतला चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅन (१९२५) जाडा, नम्र, सुभाषितं सांगणारा. ज्याच्यावरून तो सुचला असं म्हणतात तो होनोलुलूचा खरा डिटेक्टिव्ह चांग अपाना चाबूक घेऊन फिरायचा. मला विचाराल तर अपानाच भारी.

पुस्तक आणि सिनेमा एकच धरू नका. अमेरिकन लेखिका पर्ल बक चीनमध्येच वाढली, 'द गुड अर्थ'मध्ये तिने चिनी शेतकरी आपुलकीने लिहिले, पण त्यावरच्या १९३७ च्या सिनेमात मुख्य भूमिका गोऱ्यांना, चिनी वंशाची अमेरिकन नटी ॲना मे वाँग हिला डावललं.

आणि लंडनच्या धुरकट अफूच्या अड्ड्याचं वर्णन आलं की एवढंच विचारा, अफू चीनच्या गळ्यात मारली कोणी? ब्रिटिशांनी त्यासाठी १८३९ ला युद्ध केलं, आणि माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जायची. जे.जे. हॉस्पिटलवाल्या जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीत त्या धंद्याचा मोठा वाटा होता.