एस्पेरार: वेट, होप की एक्स्पेक्ट?

स्पॅनिशमध्ये 'एस्पेरार' दिसलं की आधी पुढचे शब्द बघा, मगच इंग्रजी क्रियापद ठरवा. पुढे माणूस किंवा बस असेल तर बहुधा 'वेट'. 'के' (म्हणजे 'की') आणि सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शक्यता दाखवणारं क्रियापदाचं रूप, आलं की 'होप': 'एस्पेरो के बेंगा', म्हणजे तो येईल अशी आशा आहे. मध्ये नुसता 'आ' शिरला, 'एस्पेरो आ के बेंगा', की अर्थ होतो तो येण्याची वाट बघतोय! घाईत वाचताना हाच 'आ' हमखास निसटतो. 'दे' लावून कुणाकडून अपेक्षा केली असेल तर 'एक्स्पेक्ट'. बाळ होणार असेल तेव्हाही तेच. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना 'वेट फॉर'मधला 'फॉर' सोडून द्या. बससाठी 'एस्पेरो एल आउतोबुस' पुरे, माणसाआधी मात्र 'आ' हवाच.