महागडे करार, बायआउट आणि हरणारा संघ : या चुका टाळा

आयपीएल पाहत मोठे झालेले आपल्याकडचे चाहते एनबीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगकडे वळतात, तेव्हा एक समजूत सोबत घेऊनच येतात. खेळाडू चालत नसेल तर सोडून द्या, पैसे मोकळे होतील. आयपीएलमध्ये हे खरं आहे. लिलावाआधी खेळाडूला मोकळं केलं की त्याची रक्कम संघाच्या पर्समध्ये परत येते. एनबीएमधले बहुतेक मोठे करार मात्र पूर्ण हमीचे असतात. खेळाडू निघून गेला तरी त्याचा पगार द्यावा लागतो आणि तो संघाच्या सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे एकूण पगारांच्या मर्यादेतही मोजला जातो. कोर्टवर नसलेल्या माणसाने कॅपमध्ये अडवलेल्या या रकमेला डेड मनी म्हणतात.

पैसा मालकाचा जातो, त्याचं दुःख आपण करायचं कारण नाही. खरं नुकसान होतं ते कॅपमधल्या जागेचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत संघात कोण असेल, कोणता तरुण खेळाडू वर येईल हे माहीत नसतानाच त्याच्यासाठीची जागा आज खर्च होऊन जाते. हे समजून घ्यायला डेट्रॉइट पिस्टन्सइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. २००४ चा विजेता संघ, २००३ ते २००८ सलग सहा वर्षं ईस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम फेरी खेळलेला. २००८ नंतर प्लेऑफमधला एक सामना जिंकायला या संघाला २०२५ उजाडावं लागलं. एवढ्या पडझडीला एकच कारण नसतं, पण करारांची साखळी त्यात ठळक दिसते. प्रत्येक चूक निस्तरताना पुढची चूक झाली आहे.

जागा मोकळी झाली म्हणून ती लगेच भरणं

नोव्हेंबर २००८ मध्ये पिस्टन्सने चॉन्सी बिलप्सला देऊन ॲलन आयव्हर्सन घेतला. आयव्हर्सनचा करार २००९ च्या उन्हाळ्यात संपणार होता, म्हणजे मोठी जागा मोकळी होणार हे ठरलेलंच होतं. जागा झाली आणि बेन गॉर्डन व चार्ली व्हिलानुएवा या दोघांना पाच-पाच वर्षांचे करार मिळाले. गॉर्डन उत्तम नेमबाज, पण तो खेळायचा त्याच जागेवर रिचर्ड हॅमिल्टन होता आणि हॅमिल्टनचा करार पिस्टन्सने नुकताच तीन वर्षांनी वाढवलेला. एकाच जागेसाठी दोन मोठे पगार. डिसेंबर २०११ मध्ये हॅमिल्टनला बायआउट देऊन, म्हणजे उरलेल्या रकमेवर तडजोड करून करार संपण्याआधीच मोकळं करून पाठवावं लागलं.

बाजारात त्या वर्षी जो उपलब्ध आहे तो आपल्याला हवा असलेलाच खेळाडू असतो असं नाही. हरणाऱ्या संघावर चाहत्यांचा दबाव असतो, तिकिटं खपवायची असतात, त्यामुळे ‘काहीतरी करून दाखवा’ ही घाई होते. अशा वेळी एक वर्षाचे करार देऊन जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवणं कंटाळवाणं दिसतं, पण त्यात धोका फार कमी.

नकोसा करार घालवण्यासाठी ड्राफ्ट पिक देणं

साखळीतली सगळ्यात महाग कडी हीच, असं माझं मत आहे.

जून २०१२ मध्ये गॉर्डनचा करार अंगावर आला होता. पिस्टन्सने त्याला शार्लटकडे पाठवलं आणि बदल्यात कोरी मॅगेटी घेतला, कारण मॅगेटीच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. शार्लटने हा बोजा फुकट उचलला नाही. सोबत भविष्यातलं पहिल्या फेरीचं पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा तरुण खेळाडू निवडण्याचा हक्क मागितला. पिस्टन्सने ते दिलं, वर अटही घातली : २०१४ मध्ये पिक पहिल्या आठात आलं तर ते आमच्याकडेच राहील. कागदावर अट भक्कम वाटते. २०१४ चा मोसम पिस्टन्सने अशा जागी संपवला की लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचे वरचे क्रम ठरवणाऱ्या सोडतीत उलथापालथ झाली नाही तर पिक आठवंच येणार होतं. त्या रात्री नवव्या जागेवरच्या क्लीव्हलँडने अवघ्या १.७ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक पटकावला. पिस्टन्स एका पायरीने खाली सरकले, पिक नववं झालं आणि शार्लटच्या हाती गेलं.

मॅगेटी पिस्टन्ससाठी १८ सामने खेळला. म्हणजे एक करार लवकर संपावा म्हणून पहिल्या दहातलं पिक गेलं. स्वस्तात चार वर्षं खेळणारा तरुण खेळाडू हाच पडत्या संघाचा खरा आधार असतो, आणि नेमका तोच इथे मोडून खाल्ला. गॉर्डनच्या कराराची तेव्हा दोनच वर्षं उरली होती. ती सोसायला हवी होती. हरणाऱ्या संघाला तसाही प्लेऑफ गाठायचा नसतो, मग घाई कशाची?

स्ट्रेच म्हणजे सूट असं समजणं

मॅगेटीचा करार संपल्यावर २०१३ मध्ये कॅपमध्ये पुन्हा जागा झाली आणि जॉश स्मिथला चार वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. संघात ग्रेग मनरो आणि आंद्रे ड्रमंड हे दोन धिप्पाड खेळाडू आधीच बास्केटजवळ उभे असायचे. स्मिथ तिसरा. त्याला जागाच उरेना, म्हणून तो बाहेरून तीन गुणांचे फटके मारू लागला आणि त्या मोसमात त्यातले जेमतेम २६ टक्के आत गेले. संघ २९ सामने जिंकला. खेळाडू वाईट नव्हता, तो चुकीच्या संघात आला होता.

२२ डिसेंबर २०१४ ला पिस्टन्सने त्याला सरळ मोकळं केलं. तोवर संघाची स्थिती ५ विजय, २३ पराभव. इथे वापरला तो स्ट्रेचचा नियम. उरलेल्या वर्षांची दुप्पट करा, त्यात एक मिळवा, आणि उरलेली रक्कम तेवढ्या वर्षांत समान वाटा. मोसम सुरू झाल्यावर सोडलं तर चालू वर्षाचा पगार जसा आहे तसाच राहतो, पुढचा वाटला जातो. स्मिथची पुढची दोन वर्षं उरली होती, म्हणून पाच हप्ते, दर वर्षी सुमारे ५४ लाख डॉलर, २०१९-२० पर्यंत. वजावटीच्या नियमामुळे नव्या संघाने दिलेल्या पगारातला थोडा भाग वळता होतो, पण त्याने फार फरक पडत नाही.

स्ट्रेचमुळे एकूण रकमेतला एक डॉलरही कमी होत नाही, आजचं मरण फक्त उद्यावर ढकललं जातं. ज्यांनी निर्णय घेतला ते बहुधा तोवर नोकरीतही नसतात. स्टॅन व्हॅन गंडी प्रशिक्षक आणि अध्यक्ष दोन्ही होते. ते २०१८ मध्ये गेले, स्मिथचा हप्ता त्यानंतरही चालू राहिला.

पुढेही सवय सुटली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ड्वेन डेडमनला व्यवहारात घेऊन लगेच सोडलं आणि रक्कम स्ट्रेच केली. पिस्टन्ससाठी एकही सामना न खेळलेल्या या खेळाडूचे दर वर्षी २८-२९ लाख डॉलर २०२४-२५ पर्यंत कॅपमध्ये होते.

याला मर्यादा आहे. स्ट्रेच केलेल्या रकमांचा कोणत्याही वर्षातला बोजा कॅपच्या १५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. जुलै २०२५ मध्ये फिनिक्स सन्सला ब्रॅडली बीलच्या बाबतीत हीच अडचण आली. आधीचे स्ट्रेच केलेले करार होतेच, त्यामुळे बीलने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम सोडली तेव्हाच हिशेब बसला. तरी पाच वर्षं दर वर्षी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर सन्सच्या कॅपमध्ये राहतील. ३६-४६ असा मोसम संपवलेल्या संघासाठी ही फार मोठी रक्कम आहे.

पहिल्या काही विजयांवरून निदान करणं

स्मिथ गेल्यावर पिस्टन्सने सलग सात सामने जिंकले. सगळीकडे एकच चर्चा : दुखणं तोच होता. जानेवारीच्या अखेरीस संघाचा पॉइंट गार्ड ब्रँडन जेनिंग्जच्या टाचेची शीर तुटली आणि मोसम ३२-५० वर संपला. स्मिथ ह्यूस्टनकडून वेस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम फेरी खेळला. खेळाडूला असं सोडल्यानंतर काही आठवडे संघ मोकळा खेळतो, प्रतिस्पर्ध्यांकडे नव्या रचनेचे व्हिडिओ नसतात. दोन महिने थांबा, मग मत बनवा.

नावाच्या मागे धावणं

जानेवारी २०१८ मध्ये ब्लेक ग्रिफिन आला. करार पाच वर्षांचा, १७ कोटी डॉलरच्या घरातला, आणि त्याच्या आधीच्या संघाने, क्लिपर्सने, तो जेमतेम सहा महिन्यांपूर्वी केलेला. ग्रिफिन तेव्हा २८ वर्षांचा होता, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांचा इतिहास होता, करार तिशीच्या पुढे जाणारा होता. पिस्टन्सने टोबायस हॅरिस, एव्हरी ब्रॅडली, बोबान मार्यानोविच आणि पहिल्या फेरीचं पिक दिलं.

ग्रिफिनने जीव तोडून खेळ केला, हे नमूद करायलाच हवं. २०१८-१९ मध्ये सामन्यामागे २४.५ गुण, ऑल-एनबीए तिसऱ्या संघात निवड. संघ ४१-४१. प्लेऑफमध्ये मिलवॉकीकडून ०-४. गुडघा गेला आणि पुढच्या मोसमात तो १८ सामनेच खेळू शकला. दिलेलं पिक बारावं निघालं. क्लिपर्सने ते अदलाबदलीत वापरून अकराव्या क्रमांकावर पुढे मोठा तारा ठरलेला शाई गिलजस-अलेक्झांडर मिळवला. पिस्टन्सचं मात्र तेलही गेलं, तूपही गेलं.

मार्च २०२१ मध्ये बायआउट झालं. ग्रिफिनने सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलर सोडले, तरी २०२१-२२ मध्ये जवळपास ३ कोटी डॉलर डेड मनी राहिला, म्हणजे कॅपचा चौथा हिस्सा. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडलेला केड कनिंगहॅम त्याच्या एक तृतीयांश पगारावर खेळत होता. डिसेंबर २०१९ पासून ग्रिफिनने एकदाही डंक मारला नव्हता. नव्या संघासाठी, ब्रुकलिनसाठी, पहिल्याच सामन्यात मारला आणि डेट्रॉइटचे चाहते संतापले. त्यांचा संताप समजतो, पण खेळाडूला दोष देणं चूक आहे. त्या गुडघ्यांवर करार करताना संघानेच विचार करायचा असतो.

एक गोष्ट मात्र इथे बरोबर केली : ग्रिफिनची रक्कम स्ट्रेच केली नाही. संघ तसाही हरणार होता. एका वर्षात सगळं गिळलं आणि हिशेब मिटवला.

करार आधीच गळ्यात पडला असेल तर

क्रम साधारण असा ठेवावा. आधी थांबा, करार शेवटच्या वर्षात येऊ द्या. मग तो लोढणं उरत नाही, व्यवहारात उपयोगी पडतो. ते शक्य नसेल तर तसाच दुसरा करार घ्या, पण पिक जोडू नका. त्यानंतर बायआउट, आणि तोही शक्यतो शेवटच्या महिन्यांत. फेब्रुवारी २०२० मध्ये रेजी जॅक्सनला असंच सोडलं. पाच वर्षांच्या ८ कोटी डॉलरच्या कराराचं शेवटचं वर्ष होतं, पुढे काहीच उरलं नाही. खेळाडूला दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळायचा असेल तर १ मार्चपर्यंत मोकळं व्हावं लागतं. रक्कम सोडायला त्याला राजी करण्याचं संघाच्या हातातलं खरं साधन म्हणजे ही तारीख, म्हणून बोलणी तिच्या आधी करावीत. स्ट्रेच सगळ्यात शेवटी.

आणि दुसऱ्यांच्या चुकांचा बोजा मोबदला घेऊन उचला, जसा शार्लटने पिस्टन्सचा उचलला होता. १४-६८ अशा मोसमानंतर २०२४ मध्ये पिस्टन्सची सूत्रं हाती घेतलेल्या ट्रेजन लँग्डनने हेच केलं. मोकळ्या जागेत डॅलसकडून टिम हार्डवे ज्युनियरचा मोठा पगार सामावून घेतला, क्वेंटिन ग्राइम्सच्या बदल्यात सोबत दुसऱ्या फेरीची तीन पिकंही मिळवली. मलिक बीझलीला एक वर्षाचा करार, टोबायस हॅरिसला दोन वर्षांचा. कुणाचाच करार लांबला नाही, कनिंगहॅमभोवती नेमबाज उभे राहिले आणि पुढच्या मोसमात संघ ४४ सामने जिंकला.